मॅडम राहाव्यात म्हणून

आमच्या गावात आजारी पडायचा वार गुरुवार होता. गुरुवारी बाजार भरायचा आणि बाजार भरला की डॉक्टर यायचे. आमच्याकडची काटेरी वांगी त्यांना फार आवडत. बाकीचे दिवस ते बीडला असत. सरकारच्या लेखी मात्र ते गावातच राहत होते, दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये. तिच्या दारात माणूसभर गाजरगवत माजलं होतं. गावानं याची तक्रार कधी केली नाही. गावानं आपले आजार जुळवून घेतले. बुधवारी ताप आला तर आई कपाळाला हात लावून म्हणायची, "उद्या बाजार हाय, दम धर." शुक्रवारी आला तर ती काहीच म्हणायची नाही, गवती चहा आणि आलं उकळायला ठेवायची. पुढं मी गरीब देशांतल्या आरोग्यसेवेवरची जाडजूड पुस्तकं वाचली. डॉक्टर खेड्यात का टिकत नाहीत याची कारणं त्यांत दिली होती आणि ती सगळी पटण्यासारखी होती. पण अधूनमधून ते येतात तरी कशासाठी, याचा विचार कुणी केलेला दिसला नाही. वांग्यांचा उल्लेख तर कुठेच नव्हता.

गावाचं नाव लिहीत नाही. नेकनूरकडून आत शिरलं की बरड माळ लागतो, त्याच्या पलीकडं. तिथं आता दवाखान्याची नवी इमारत झाली आहे आणि तिच्या उद्घाटनाच्या शिळेवर इतकी नावं आहेत की आणखी एका बदनामीला जागा नाही.

आमचं किराणा दुकान स्टँडला लागून होतं. मागं घर, पुढं दुकान, आणि त्या वर्षी दुकानाच्या कोपऱ्यात अप्पांनी एसटीडी बूथ बसवला होता. प्लायवूडचं खोकं, त्याला दार, दारावर पिवळ्या रंगात मोठी अक्षरं. देशात तेव्हा काय काय खुलं होत होतं ते पेपरात यायचं. आमच्यापर्यंत त्यातलं दोनच गोष्टींच्या रूपानं आलं: हा बूथ, आणि दुकानात माळांसारख्या लोंबणाऱ्या शाम्पूच्या पुड्या. सकाळी अप्पा कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून लिंगपूजा करत तोवर शेजारची गिरणी पुकपुकायला लागायची. आईची चूल आधीच पेटलेली असे. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि आठवड्यातून एकदा भाजक्या डाळी-मसाल्यांच्या येसरची आमटी. त्या दिवशी गिरणीवाल्याला काहीतरी निमित्त सापडायचं आणि तो आमच्या ओसरीवर येऊन बसायचा. अप्पा फार बोलत नसत. गिऱ्हाईक काय मागतं यापेक्षा त्याला काय पाहिजे हे आधी ओळखावं, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. तेवढ्यावर त्यांचा प्रपंच नीट चालला होता.

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, तलवाड्याला दिली होती. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, तशी रीतच आहे. कळा सुरू झाल्या तो शनिवार होता. दवाखान्यात डॉक्टर नव्हते. जीप मिळेपर्यंत दुपार झाली आणि बीडच्या रस्त्यावर, खड्ड्यांतून, मूल गेलं. अक्का वाचली. त्यानंतर आमच्या घरात कुणी त्या दिवसाबद्दल बोललं नाही. मात्र अप्पा दवाखान्याच्या वाटेनं जायचं टाळू लागले. शेताला जाताना ओढ्यातून वळसा घालून जायचे.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं वांगीवाले डॉक्टर बदलून गेले आणि मॅडम आल्या. सुनंदा मॅडम, लातूरच्या. नुकत्या शिकून बाहेर पडलेल्या. बारीक चणीच्या, खांद्याला मोठी पर्स, आणि पायांत उंच टाचेच्या चपला. आमच्या गावाच्या रस्त्यांनी त्या चपला आठवडाभरात उतरवल्या. मॅडमचा हात चांगला होता. हे आधी बायकांना कळलं, मग पुरुषांना, आणि सगळ्यात शेवटी सोसायटीच्या चेअरमनना. पण मॅडम सोमवारी यायच्या आणि कधी बुधवारी, कधी मंगळवारीच दुपारच्या गाडीनं निघून जायच्या. परत कधी येणार याचा नेम नसायचा. गावाची तर पंचाईतच झाली. आधी निदान गुरुवार पक्का होता.

अशात अक्का दुसऱ्या खेपेला आली. सातवा लागला होता. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी तिला तपासलं, "सगळं ठीक आहे, पण घरी बाळंतपण करायचं नाही, इथं आणायचं," असं बजावलं आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच दिसेनाशा झाल्या. अक्का ओसरीवर भिंतीला पाठ लावून शेंगा फोडत बसायची आणि स्टँडवर गाडी वाजली की हात थांबायचा. अप्पा तराजूमागून तिच्याकडं बघायचे. गाडी निघून गेली की पुन्हा शेंगा फोडल्याचा आवाज यायचा.

शेवटी अप्पांनी चेअरमनपाशी विषय काढला. चेअरमन म्हणजे पांढरे कपडे, काळा चष्मा आणि कुठल्याही प्रश्नावर एकच उपाय: कार्यक्रम. "अप्पा, माणूस कशानं टिकतो?" त्यांनी दुकानाच्या फळीवर बसून विचारलं आणि आपणच उत्तर दिलं. "मानानं. आपण मॅडमचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, मांडव, लाउडस्पीकर. येवढा मान दिल्यावर कोन जातंय?"

"करून बघा," अप्पा म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

आता इथं एक अडचण होती आणि ती आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नाही. आमच्या गावानं आजवर फक्त जाणाऱ्यांचे सत्कार केले होते. बदलीवर निघालेला तलाठी, निवृत्त होणारा पोस्टमन, गाव सोडून चाललेले ग्रामसेवक. येणाऱ्याला आम्ही चहा द्यायचो, जाणाऱ्याला शाल. त्यामुळं हनुमानाच्या पारावर मांडव पडला, शाळेतली खुर्ची आली, तिच्यावर चादर टाकली, तेव्हा सगळ्यांचे हात सवयीनं तेच करत गेले. मुलींनी तेच गाणं म्हटलं, निरोपाचं. शाळेला तेवढं एकच बसवलेलं होतं. हेडमास्तर माईकसमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मॅडम जिथं जातील तिथं आपल्या सेवेचा सुगंध दरवळत ठेवतील, अशी मला खात्री आहे." टाळ्या पडल्या. चेअरमन त्याहून पुढं गेले. "गाव तुमाला इसरणार न्हाई," ते म्हणाले. "पुन्हा कधी या बाजूला येणं झालं तर आमच्या गरिबाघरी घोटभर पाणी प्यायला यावं." आणि डोळ्यांना रुमाल लावला. दर भाषणाच्या शेवटी ते रुमाल लावायचेच.

मॅडम खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. आधी त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला, मग आश्चर्य. मग तो चेहरा असा काही उजळला की मी तसा तो कधी पाहिला नव्हता. त्या उठल्या, शाल सावरली आणि म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी इतकं प्रेम केलंत... मी खरंच कधी विसरणार नाही." बोलता बोलता त्या रडल्याच. चेअरमननी अप्पांना कोपरानं ढोसलं. "बघितलं? आता दहा वर्सं हलत न्हाई."

त्याच दिवशी दुपारची गाडी गेली आणि थोड्या वेळानं दवाखान्याचे शिपाई गफूरचाचा दुकानात आले. दवाखान्याला माणूस असो-नसो, चाचा रोज तो उघडायचे, टेबल पुसायचे, उन्हं उतरली की बंद करायचे. त्यांनी किल्ली अप्पांसमोर ठेवली. "मॅडम तो गये ना, अप्पा. पेटी, बिस्तरा, स्टोव्ह, सब लेके. बोले, नये डॉक्टर को देना."

"नवे डॉक्टर? कोण नवे डॉक्टर?"

"वो मैं क्या जानूँ? बदली हुई बोले. बहोत खुश थे."

ओसरीवर शेंगा फोडल्याचा आवाज थांबला. अक्कानं सगळं ऐकलं होतं. तिनं सूप बाजूला सारलं. अप्पांनी गल्ला तसाच आईवर सोपवला आणि मला म्हणाले, "चल बाई, चप्पल घाल." मला कशाला, असं आईनं विचारलं. "बीडच्या स्टँडवर परक्या बाईमाणसाशी मी एकटा काय बोलू?" ते म्हणाले. त्यांच्या गांगरलेपणातही रीतभात शाबूत होती.

वडापच्या जीपमध्ये आम्ही बीडला कसे पोचलो ते आठवत नाही. एवढं आठवतं की अप्पांचा पाय सारखा हलत होता, जणू ब्रेक त्यांच्याच पायाखाली होता. लातूरच्या गाडीच्या फलाटावर मॅडम आपल्या पेटीवर बसल्या होत्या. मांडीवर शाल, हातात उसाच्या रसाचा ग्लास. आम्हाला बघून त्या हसल्या. "अप्पा, तुम्ही? अहो, इतक्या लांब पोचवायला कशाला आलात?"

"मॅडम, तुमची बदली कुणी सांगितली?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच. आज सकाळी. शाल घालून."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. शेवटी मीच बोलले. "मॅडम, ते तुमी राहावं म्हणून होतं."

"राहावं म्हणून?" त्यांनी शालीकडं बघितलं. "मग हेडमास्तर 'जिथं जातील तिथं' का म्हणाले?"

"त्यांना दुसरं भाषण येत न्हाई."

मॅडम हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग अशा की शेजारच्या बाकावरच्या बाईनं आपलं पोरगं जवळ ओढलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ते हसणं होतं की नाही ते मला कळेना. लातूरच्या बदलीसाठी त्यांनी सहा महिन्यांपासून खटपट चालवली होती. गावाला तिची बातमी कागदाच्या आधी लागली असणार असं त्यांना वाटलं. आमच्याकडं बातम्या तशाच लागायच्या, त्यामुळं त्यांना दोषही देता येत नव्हता.

"अप्पा," त्या डोळे पुसून म्हणाल्या, "बदली नसली तरी मला जायचंय."

"जा की," अप्पा म्हणाले. मी चमकून बघितलं. "पण कावून जायचंय ते सांगून जा. काय पायजे तुमाला? मान तर देऊन झाला."

मॅडम जरा वेळ माझ्याकडं बघत राहिल्या, मग अप्पांच्या चपलांकडं, आणि खाली बघूनच बोलल्या. "पायखान्याला दार पाहिजे. क्वार्टर बांधली तेव्हापासून ते नाहीये. नळ आहे, पाणी नाही. पहाटे मी टमरेल घेऊन ओढ्याला जाते. तिथं ज्या बायका भेटतात त्याच दुपारी माझ्यासमोर तपासायला बसतात. त्या हसतात, मी हसते. संध्याकाळ झाली की कुणीही येऊन दार वाजवतं. कुणी खरंच आजारी असतं, कुणी प्यालेलं असतं. ओढ्याकाठी एकटी खोली, हाक मारली तर गावात ऐकू जात नाही. तीन दिवस मी हे सोसू शकते, अप्पा. चौथ्या दिवशी नाही."

हे सगळं त्या इतक्या सरळपणे म्हणाल्या की मलाच लाजल्यासारखं झालं. त्या क्वार्टरच्या उद्घाटनाला मी शाळेच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या. फीत कापली, भिंतीत शिळा बसवली, पेढे वाटले. आत कुणीच गेलं नव्हतं.

गाडी लागली. मॅडम उठल्या. अप्पांनी त्यांची पेटी उचलली आणि टपावर चढवायला हमालाकडं दिली. मग खिडकीपाशी येऊन म्हणाले, "माझी पोरगी हाय. मागच्या खेपेला शनिवार होता." एवढंच.

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "तिनं सांगितलंय मला." गाडी हलली तसं त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सोमवारी येते. येते म्हणजे बघते. दार लावून ठेवा!"

"येते म्हणजे बघते," हे अप्पा परतीच्या वाटेवर दोन-तीनदा स्वतःशीच म्हणाले.

दाराला सुतार सापडेना. गावातला एकुलता एक सुतार शिरूर कासारकडं पाहुण्याच्या लग्नाला गेला होता. अप्पांनी रविवारी सकाळी पाना घेतला, एसटीडी बूथचं दार बिजागरीसकट उचकटलं आणि सायकलवर आडवं टाकून दवाखान्याकडं निघाले. ओढ्याचा वळसा न घेता, सरळ वाटेनं. मी मागून दार धरून चालत होते. पायखान्याच्या चौकटीत ते थोडं तिरपं बसलं, पण बसलं. आतून कडी लागली. बाहेर पिवळ्या रंगात एसटीडी, आयएसडी, पीसीओ. या बदलाची किंमत पुढं गावानं भरली. बूथला दार नसल्यामुळं लोकांची पुण्या-मुंबईची बोलणी सगळ्या दुकानाला ऐकू जाऊ लागली आणि दोन सोयरिकी त्यापायी मोडल्या.

पाण्याचं चेअरमनच्या बोअरवर जमलं. ते लगेच तयार झाले, सत्काराचा जरा पश्चात्तापही होता. पण पाइपलाइनचं उद्घाटन करू म्हणाले. "पाणी येऊ द्या आधी," अप्पा म्हणाले. "तेच काय ते उद्घाटन." चेअरमननी ते मनाला लावून घेतलं, पण पाइप दिला. राहिली ती सोबत. त्यावर आमच्याकडं फार विचार करावा लागत नाही. एकट्या बाईमाणसाला सोबतीला घरातली पोरगी पाठवायची, ही जुनी पद्धत. आईनं माझी वळकटी बांधूनही टाकली. मॅडम येतील की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं.

सोमवारी पहिल्या गाडीला त्या उतरल्या नाहीत. अक्का ओसरीवरून उठून आत गेली. अप्पांनी एका गिऱ्हाइकाला साखरेऐवजी रवा बांधून दिला. दुपारच्या गाडीतून आधी पेटी उतरली, मग मॅडम. त्या आमच्याशी न बोलता सरळ क्वार्टरकडं गेल्या, मागोमाग मी वळकटी घेऊन. मागल्या दारी त्या थबकल्या, दारावरची अक्षरं मोठ्यानं वाचली आणि मला म्हणाल्या, "इथून लातूर लागतं का गं?"

त्यानंतर मी संध्याकाळी जेवून त्यांच्याकडं जायची आणि सकाळी शाळेच्या वेळेला परत यायची. माझ्या आयुष्यातले ते फार चांगले महिने. त्या कुकरमध्ये भात लावून कादंबरी वाचत बसायच्या आणि शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडं. सुरी-कात्रीला न भिणाऱ्या मॅडम पालीला भीत. पाल दिसली की पलंगावर चढून मला हुकूम सोडत. त्यांची वाचून झालेली पुस्तकं मी वाचायला लागले आणि ते खूळ अजून गेलेलं नाही. लोकांची दार वाजवायची पद्धतही बदलली. आता ते लांबूनच ओरडायचे, "ए वाण्याची पोर! मॅडमला सांग, आमची म्हातारी लई कण्हती!" प्यालेले येईनासे झाले. माझ्याशी वाद घालून कुणाला काही मिळण्यासारखं नव्हतं, आणि सकाळी अप्पांच्याच दुकानातून तंबाखू न्यायची असायची.

अक्काच्या कळा सुरू झाल्या तेव्हा सकाळचं ऊन नुकतं पसरलं होतं. गिरणीवाल्याच्या बैलगाडीत गोधड्या टाकून तिला दवाखान्यात नेलं. आई आत गेली. मॅडमनी मला बाहेर घालवलं, अप्पांना तर पायरीच्या वर येऊ दिलं नाही. अप्पा, गफूरचाचा आणि मी पायरीवर बसलो. आतून अक्काचा आवाज यायचा, मग मॅडमचा, मग दोन्ही थांबायचे. अप्पांनी चाचांकडं विडी मागितली. जन्मात विडीला हात न लावलेला माणूस. पेटवली नाही, नुसती बोटांत धरून बसले. उन्हं डोक्यावर आली. एकदा अक्का फार मोठ्यानं ओरडली आणि त्यानंतर ना तिचा आवाज आला, ना बाळाचा. आई मॅडमना काहीतरी विचारत होती आणि मॅडम उत्तर देत नव्हत्या. फक्त चापट मारल्यासारखे बारीक आवाज येत होते. "अल्ला," चाचा हळूच म्हणाले. अप्पांच्या बोटांत विडीचा भुगा झाला.

मग ते रडलं. आधी खोकल्यासारखं, मग मांजरासारखं, मग चांगलं टाहो फोडून. मॅडम दारात आल्या. कपाळावर केस चिकटलेले, हात कोपरापर्यंत ओले. "गळ्याभोवती नाळ होती," त्या म्हणाल्या. "आता काही नाही. मुलगी आहे. अक्का बरी आहे." अप्पा पायरीवर बसूनच हात जोडायला लागले तर मॅडम घाईनं म्हणाल्या, "अप्पा, आता सत्कार नको. मला भूक लागलीय."

मी धावत सुटले. गल्लीच्या तोंडाशी बायका उभ्याच होत्या. "काय झालं गं? ए पोरी, काय झालं?" मला धाप लागली होती. मुलगी झाली, अक्का बरी आहे, हे सगळं सांगायला दमच नव्हता. तोंडून एवढंच निघालं, "मॅडमला भूक लागलीय!" आणि बायकांना सगळं कळलं. कुणी पदर डोळ्याला लावला, कुणी मला ढकललं, आणि मी घरी पोचून भाकरी फडक्यात बांधेपर्यंत तीन-चार घरांतून झाकलेल्या ताटल्या दवाखान्याकडं निघाल्या होत्या. गिरणीवालीनं पिठलं आणलं, हेडमास्तरांच्या बायकोनं धपाटे, चेअरमनच्या घरून तर श्रीखंड आलं. "अहो, मी एकटी आहे," मॅडम म्हणत होत्या, पण कुणी ऐकत नव्हतं. शेवटी त्या पायरीवर अप्पांच्या शेजारीच बसल्या आणि जेवू लागल्या. आत बाळ रडतच होतं, आणि त्याला गप्प करायची आमच्यापैकी कुणालाही घाई नव्हती.